ढाण्या, सांग तिला

“ढाण्या, सांग त्या बाईला, हे चुलाण माझ्या बापानं बांधलंय. ते इथून हलायचं नाही.”

“ठके, सांग त्यांना, चुलाण डोक्यावर घेऊन माहेरी जायला मला वेड लागलेलं नाही. कढई मात्र माझ्या भावानं दिलेली आहे. ती गाडीत चढणार.”

“ढाण्या, विचार तिला, कढई गेल्यावर चुलाणावर मी काय माझं डोकं भाजू?”

“ठके, सांग, भाजा म्हणावं. हलकं असलं की लवकर भाजतं.”

फार फार जुनी गोष्ट आहे ही. राजे होते, पण ते लांब राहत. गावातली भांडणं गावालाच करावी लागत आणि गावालाच मिटवावी लागत. अशा एका गावात भर सकाळी हे भांडण चाललं होतं. ढाण्या म्हणजे कुत्रा आणि ठकी म्हणजे मांजर. बोलणारी दोघं होती नवरा-बायको. एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी होती, चारही कान शाबूत होते, आणि तरी प्रत्येक शब्द कुत्र्या-मांजराला वळसा घालून जात होता.

हसू नका. तुमच्या घरी कुत्रं-मांजर नसेल तर पोरं असतील. “बाळ, तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय,” हे वाक्य कुणी ऐकलंच नसेल, तर त्यानं उठून जावं. बाकीच्यांनी पुढं ऐकावं.

तो नवरा होता भडभुंजा. लाह्या, चुरमुरे, फुटाणे भाजून विकणारा. पण एकट्यानं भाजायचं कामच नाही ते. उंचावर ओट्याला मोठी लोखंडी कढई बसवलेली, तिच्यात वाळू तापलेली. कढईपाशी बायको उभी राहायची. ती वाळूत दाणे टाकायची, लांब दांड्याच्या झाऱ्यानं हलवायची आणि फुटले की चाळून काढायची. नवरा बसायचा खाली, ओट्याच्या मागच्या खड्ड्यात, चुलाणाच्या तोंडाशी. मधे मातीची भिंत. त्याला कढई दिसायची नाही आणि तिला आग दिसायची नाही.

म्हणून त्यांचे दोन शब्द ठरलेले होते. दाणे टाकायच्या आधी ती म्हणायची, “सारा.” की तो लाकूड आत सारायचा. दाणे तडतडायला लागले की म्हणायची, “ओढा.” की तो लाकूड बाहेर ओढायचा. या दोन शब्दांवर त्यांनी लेकी वाढवल्या, त्यांची लग्नं लावली, त्या नांदायला गेल्या. मग घरात उरली ही दोघं, आणि ढाण्या, आणि ठकी.

ढाण्या नवऱ्याचा. नाव वाघाचं, पण आभाळात गुरगुरलं की हा भाताच्या कणगीमागं. ठकी बायकोची. तिला वाटे, घर आपलं आहे आणि ही माणसं आपल्याकडं कामाला आहेत. पण दोघांचं एक चांगलं होतं. काम संपलं की चुलाणाशेजारी कोमट राखेचा ढीग पडायचा, आणि त्या ढिगात दोघं पाठीला पाठ लावून झोपायची. कुत्र्याचं शेपूट मांजरीच्या नाकावर, मांजरीचा पाय कुत्र्याच्या कानात. गिऱ्हाईकं लाह्या घ्यायला यायची आणि ते बघत उभी राहायची.

आता भांडण कशावरून झालं ते ऐका. एक दिवस पाटलाच्या घरचा घाणा करपला. घाणा म्हणजे एका वेळी कढईत टाकलेले दाणे. पाटलीणबाई स्वतः ओट्यापाशी उभ्या होत्या, शेजारपाजारच्या बायका होत्या. पाटलीणबाईंनी सहज विचारलं, “काय गं, काळ्या कशा झाल्या?”

खालून खड्ड्यातून नवऱ्याचा आवाज आला, “हात मंद पडला तिचा.”

वरून बायको म्हणाली, “आच वेळेवर ओढली नाही यांनी.”

दोघं एकदमच बोलली. आणि बोलली ती चारचौघांत. घरात एकमेकांना काहीही म्हणावं हो, ते घरातल्या धुराबरोबर धाब्याच्या झरोक्यातून निघून जातं. पण चारचौघांत म्हटलेलं जात नाही. ते ओट्यावर बसून राहतं, पाय पसरून.

पाटलीणबाई म्हणाल्या, “असू दे, गुरांना घालू,” आणि निघून गेल्या. त्या विसरल्या. ही दोघं विसरली नाहीत.

“आधी तिनं म्हणावं, हात मंद पडला होता,” असं नवऱ्यानं ठरवलं.

“आधी त्यांनी म्हणावं, आच राहिली होती,” असं बायकोनं ठरवलं.

खरं काय होतं? मला विचाराल तर त्या दिवशी ज्वारीच जुनी होती. पण ज्वारीला कोण दोष देणार? ती उलट बोलत नाही, तिच्याशी भांडायला मजा नाही.

तर असा अबोला सुरू झाला. पण धंदा थांबत नाही आणि ‘सारा’, ‘ओढा’ म्हटल्याशिवाय धंदा होत नाही. मग बायकोनं ठकीला कढईपाशी बसवलं. “ठके, त्यांना सांग, आता सारा म्हणावं.” नवऱ्यानं ढाण्याला खड्ड्याच्या काठावर बसवलं. “ढाण्या, विचार तिला, एक लाकूड सारू की दोन.” “ठके, सांग, दाणे दिसत नसले तरी अक्कल असेलच, तिनं बघा म्हणावं.” “ढाण्या, तिला म्हणावं, अक्कल होती तीच तर लग्नात हरवली.”

एवढं होईस्तोवर आग थांबते काय? आगीला अबोला कळत नाही. रोज एक घाणा कच्चा आणि एक करपलेला. गावातल्या गाई लाह्या खाऊन खाऊन गुटगुटीत झाल्या आणि माणसं शेजारच्या गावाला लाह्या आणायला जाऊ लागली.

तुम्ही म्हणाल, त्या मुक्या जनावरांना काय कळणार? अहो, शब्द कळत नसतील, सूर कळतो. नवरा ढाण्याच्या तोंडाकडं बघून दातओठ खायचा. ढाण्याला वाटायचं, आपल्याला रागावतायत, आणि बोट तर ठकीकडं आहे, म्हणजे हिनं काहीतरी केलंय. बायको ठकीला मांडीवर घेऊन फणकारायची. ठकीला वाटायचं, आपली काही चूक असणं शक्यच नाही, म्हणजे ती त्या कुत्र्याची.

एके दिवशी राखेच्या ढिगापाशी दोघं समोरासमोर आली. ढाण्या म्हणाला, “तू काय केलंस?”

“मी? तूच काहीतरी केलंयस.”

“मालक म्हणतात, तुझंच चुकलंय.”

“मालकीण म्हणते, तुझं.”

“मग मी या ढिगात झोपणार नाही,” ढाण्या म्हणाला.

“मीच झोपणार नव्हते,” ठकी म्हणाली. “मी आधी ठरवलं होतं.”

ढाण्या जाऊन उंबऱ्याबाहेर गार दगडावर पडला. ठकी जाऊन फळीवर गार पितळेच्या डब्यांमधे बसली. माघाचे दिवस, थंडी मी म्हणत होती, आणि मधला ऊबदार ढीग रिकामा.

मग जे सुरू झालं, ते बघायला गाव यायला लागलं.

ढाण्यानं जेवण सोडलं. म्हणजे सोडलं असं नाही. भाकरीपाशी बसायचा, तोंड भिंतीकडं करायचा, आणि एका डोळ्यानं मागं बघायचा, कुणी बघतंय का आपल्याला, कुणी ‘खा रे’ म्हणतंय का. कुणी म्हणालं नाही, की एक मोठा उसासा सोडायचा. अगदी नवरा ताटावरून उठताना सोडायचा तसाच.

ठकी आदळआपट करायला लागली. फळीवरून चालताना पंजानं हळूच एक वाटी पुढं ढकलायची, ती पडली की कान टवकारायची, कुणी धावत आलं नाही की दुसरी ढकलायची. मग शेपूट उभं करून, पाठ फिरवून, घर सोडून निघायची. कायमची. जायची ती कुठं? शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत. तिथं बसून दाराकडं बघायची, बोलवायला कोण येतंय ते. कुणी आलं नाही, की जेवायच्या वेळेला आपणच परत, पण अशी चालत, की जणू घरालाच तिची गरज म्हणून आलीय.

गावातली माणसं लाह्या घ्यायला येत नव्हती, पण हे बघायला यायची आणि पोट धरून हसायची. हसत नव्हती ती नवरा-बायकोच. ज्याचं त्याला दिसत नाही, यात नवल काय? आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला कधी दिसलाय?

अशात बायकोनं भावाला निरोप धाडला. गावदेवीची जत्रा जवळ आली होती. पालखीवर उधळायला लाह्या याच कढईतल्या लागत, तशी रीत होती. “देवीच्या लाह्या भाजून देते, त्यात भांडण नको,” ती म्हणाली. “त्या झाल्या की गाडी घेऊन ये. मी आता इथं राहत नाही.”

पन्नाशी उलटलेली बाई, डोक्याचे केस पिकलेले, आणि माहेरी निघाली. तिनं गाठोडं बांधलं. सुरुवातीला ऐकलंत ते चुलाण-कढईचं भांडण त्याच सकाळचं. ठकीला न्यायला वेताची एक टोपली काढून कोपऱ्यात ठेवली, आत जुनं लुगडं अंथरलं. नवऱ्यानं ते सगळं बघितलं. तो एवढंच म्हणाला, “ढाण्या, सांग तिला, टोपलीचं झाकण सैल आहे. मांजर वाटेत पळेल.”

तिला वाटलं, आता तरी ‘जाऊ नको’ म्हणतील. तो झाकणाचं बोलला. ती म्हणाली, “ठके, सांग, दोरी बांधीन.”

आणि दोघांनी तोंडं फिरवली. एकाचं आग्नेयेला, एकाचं वायव्येला.

त्या गावात एक सुईण होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. अर्ध्या गावाला तिनंच जगात आणलेलं, त्यामुळं ती कुणाला अहो-जाहो करत नसे. “ज्याला उलटं धरून थापटलंय, त्याला कसला मान द्यायचा?” असं तिचं म्हणणं. या आत्याकडं नवरा गेला. बायकोची तक्रार घेऊन नव्हे. तेवढा कमीपणा तो कसा घेईल? तो गेला कुत्र्याची तक्रार घेऊन.

आत्या अंगणात वाल सोलत बसली होती. नवरा म्हणाला, “आत्या, ढाण्याला काही औषध दे. खात नाही, पीत नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो.”

“काय झालं त्याला?”

“काही झालं नाही. ठकीशी बिनसलंय. रुसलाय.”

“कुत्रा रुसला?”

“रुसलाय म्हणजे, त्याला वाटतं, आधी तिनं यावं. ती येत नाही. मग हा गार दगडावर कुडकुडत बसतो. आता मला सांग, ढीग रिकामा आहे, ऊब आहे, आणि हा बाहेर. मूर्खच की नाही?”

“मूर्खच,” आत्या म्हणाली. “मग काय करावं त्यानं, तुझ्या मते?”

“अगं, उठून जावं. एकदा शेपूट हलवावं. शेपूट हलवल्यानं काय झिजतं?”

आत्यानं एक वालाची शेंग सोलली. दाणे सुपात टाकले. नवऱ्याकडं नीट बघितलं. “न्याय बरा करतोस रे,” ती म्हणाली. “औषध काही नको. आत्ता मला जे सांगितलंस, ते घरी जाऊन त्याला सांग. मोठ्यानं सांग. कुत्री म्हातारी झाली की जरा बहिरी होतात.”

तो गेला. दुपारी बायको आली. तीही नवऱ्याची तक्रार घेऊन आली नव्हती.

“आत्या, ठकीची दृष्ट काढ. घरात भांडं ठेवत नाही. ऊठसूट गंजीवर जाऊन बसते.”

“का गं?”

“तिला वाटतं, त्या कुत्र्यानं बोलवायला यावं.”

“आणि तो आला तर?”

“आला तर ही काय जाणार नाही होय? ही तर वाटच बघतेय. पण मान वळवून बघायची नाही, पाठ करून बसायचं. अशी पाठ केल्यावर त्यानं ओळखायचं कसं, की वाट बघतेय म्हणून? तो कुत्रा आहे, ज्योतिषी नाही.”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला हसू आवरेना, पण सुईणीचा चेहरा असतो, तो आतलं बाहेर दाखवत नाही. “मग तिनं काय करावं?”

“मान वळवावी. मान वळवल्यानं मोडते थोडीच.”

“पोरी,” आत्या म्हणाली, “दृष्ट काढायचं कारण नाही. हेच तिला घरी जाऊन सांग. मोठ्यानं. मांजरं ऐकून न ऐकल्यासारखी करतात, त्यांना दोनदा सांगावं लागतं.”

त्या संध्याकाळी भडभुंज्याच्या घरात दोन प्रवचनं झाली. भिंतीच्या या बाजूला नवरा ढाण्याला सांगत होता, “मूर्खा, शेपूट हलवल्यानं झिजत नाही. उठून जावं माणसानं.” त्या बाजूला बायको ठकीला सांगत होती, “मान वळवल्यानं मोडत नाही, बाई. किती दिवस पाठ करून बसायचं?”

मग दोन्ही प्रवचनं एकदम थांबली.

नवऱ्याच्या मनात आलं, ही कुणाला बोलतेय?

बायकोच्या मनात आलं, हे कुणाला बोलतायत?

नवरा दाराकडं एक पाऊल गेला आणि परत आला. बायकोनं मान वळवली, पण तोवर तो परत गेलेला होता. अंगणातून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ही दोघं काय नाचायला शिकतायत की काय. पण झिजलं काही नाही, मोडलं काही नाही, आणि जुळलंही काही नाही. माणसाची जात. न्याय दुसऱ्याला वाटून टाकते, आपल्यापुरता ठेवत नाही.

ज्यांना उपदेश केला होता त्या दोघांनी तरी काय केलं? ढाण्यानं जांभई दिली. ठकीनं पंजा चाटला. उपदेश त्यांना कळला नाही, म्हणून तर पुढचं सगळं नीट झालं.

जत्रेच्या आदल्या सकाळी थंडी अशी पडली, की दगडसुद्धा कुडकुडावा. घरात लाह्यांची गडबड. ओट्यापाशी पाटलीणबाई लाह्या न्यायला मोठे हारे घेऊन उभ्या, पालखीचे मानकरी उभे. राखेचा ढीग कुणीतरी लोटून टाकलेला. ठकी फळीवरून उतरली आणि आपल्या टोपलीत जाऊन जुन्या लुगड्यावर बसली. ढाण्या दगडावरून उठून आत आला. टोपली हुंगली. तिच्यात ठकीचा वास होता, मालकिणीच्या लुगड्याचा वास होता, आणि लांबच्या प्रवासाचा वास होता. तो वास त्याला आवडला नाही.

“कुठं चाललीस?” त्यानं विचारलं.

“मला काय माहीत? ठेवलंय तर बसलेय.”

“आपण कशावरून भांडतोय?”

ठकीनं बराच विचार केला. “आठवत नाही. तुला?”

“मलाही नाही.”

“मग?”

“मग सरक,” ढाण्या म्हणाला. “गार पडलंय.”

आता ती टोपली एका मांजरीपुरती. ढाण्या तर वासराएवढा. पण तो शिरला. पुढचे पाय आत, पोट काठावर, मागचा अर्धा भाग बाहेर. मग वेत करकरला आणि तोही भाग आत गेला. शेपूट ठकीच्या नाकावर, ठकीचा पाय त्याच्या कानात. दोघंही झोपली, अशी घट्ट, की आत हवा शिरायला जागा नव्हती. दोघांत आधी कोण नमलं, म्हणून विचाराल, तर नमलं कुणीच नाही. एकानं विचारलं आणि एकीनं सरकून जागा दिली, बस.

इकडं कढईत वाळू तापली होती. देवीचा घाणा होता, नवीन पांढरीशुभ्र ज्वारी. बायकोनं मनात देवीचं नाव घेतलं आणि दाणे टाकले. दाणे उडायला लागले. तड, तड, मग तडतड तडतड, वळिवाच्या गारांसारखे. झारा हलवत ती सवयीनं म्हणाली, “ठके, सांग त्यांना...”

ठकी नव्हती.

कढईपाशी नव्हती, फळीवर नव्हती, गंजीवर नव्हती. आता सांगायचं कुणाला? हवेला सांगायचं? पण ते तर सरळ त्यांनाच बोलल्यासारखं झालं असतं.

खाली खड्ड्यात नवरा लाकडावर हात ठेवून बसला होता. वास त्याला येत होता. पण आपण होऊन ओढलं आणि दाणे कच्चे राहिले, तर पुन्हा चारचौघांत ऐकायचं. निरोप आल्याशिवाय ओढायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं काठावर पाहिलं. ढाण्याही नव्हता. विचारायला पाठवायचं कुणाला?

वाळूतून निळसर धूर निघाला. पाटलीणबाई पदर नाकाला लावून मागं सरल्या. मानकरी एकमेकांकडं बघू लागले. बाहेर रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. भावाची गाडी होती, जरा लवकरच आलेली. बायकोचं लक्ष आपसूक कोपऱ्यातल्या टोपलीकडं गेलं.

टोपलीतून कुत्र्याचं तोंड बाहेर आलेलं होतं. झोपेत हसतंय असं. त्याच्या डोक्यावर मांजरीची हनुवटी. टोपलीचा वेत एका बाजूनं फाटला होता आणि त्या फटीतून ढाण्याचा एक पाय माहेरी निघाल्यासारखा बाहेर लोंबत होता.

तिला हसू फुटलं. एवढ्या धुरात, एवढ्या माणसांत, लाह्या जळायला आलेल्या असताना ती झारा धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं, धुराचं होतं, आणखी कशाचं होतं, ते तिचं तिला ठाऊक. मग तिनं मान वळवली. मोडली नाही. मातीच्या भिंतीवरून खाली वाकली, राखेनं माखलेल्या नवऱ्याकडं सरळ पाहिलं, आणि बोलली.

एकच वाक्य बोलली. ते ऐकून नवऱ्यानं लाकडं अशी ओढली, की दोन्ही एकदम बाहेर आली आणि त्याच्या धोतराचा सोगा जळला. घाणा वाचला. तळाच्या मूठभर तेवढ्या तांबूस झाल्या, बाकी लाह्या अशा फुलल्या, की मोगऱ्यानं लाजावं. नवरा खड्ड्यातून वर आला. तोंड काळं, मिश्या पांढऱ्या, सोगा धुमसतोय. त्यानं टोपली पाहिली, बायकोकडं पाहिलं, आणि म्हणाला, “आत्याकडं तूही गेली होतीस काय?”

“तुम्हीपण?” ती म्हणाली.

तेवढ्यात भाऊ दारात आला. “ताई, चल, बैल खोळंबलेत.”

नवरा पुढं झाला. आता त्यानं जे सांगायचं ते कुत्र्याला न सांगता माणसाला सांगितलं. “पाव्हणं, पाय धुवा, जेवा. गाडीत लाह्यांचं पोतं घाला आणि जा. तुमची ताई कुठं येत नाही. मला तिच्यावाचून आच कळत नाही.”

चारचौघांतच सांगितलं. जे ओट्यावर पाय पसरून बसलं होतं, ते त्या वाक्यानं उठून गेलं.

भाऊ जरा कुरकुरला, पण जेवला भरपूर. देवीच्या पालखीवर लाह्यांचा पाऊस पडला. गावातल्या गाई पुन्हा बारीक झाल्या. टोपली मात्र कुणाला परत मिळाली नाही. ढाण्या-ठकीनं ती आपली केली, आणि कितीही राख कोमट असो, दोघं तिच्यातच कोंबून झोपायची.

आणि पाटलाचा तो घाणा करपवला कुणी? ते ठरवायला दोघं एकदा मुद्दाम बसली होती म्हणतात. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग पुढचा घाणा आला, मग पाऊसपाणी, मग लेकींची बाळंतपणं. ते ठरायचं राहूनच गेलं, आणि त्याच्यावाचून त्यांचं कधी काही अडलं नाही.

त्या गावात अजून कुणाचं जुंपलं, की म्हातारी माणसं तेच वाक्य म्हणतात. या गोष्टीचा बोधही तोच, आणि तो धुरानं डोळे भरलेल्या त्या भडभुंजिणीनं भिंतीवरून वाकून सांगितला होता:

“अहो, आधी आच ओढा, चूक कुणाची, ते मागनं बघू.”